औषधाच्या काउंटरमागे कोण? कायद्याने सोपविलेली आणि नीतीने मागितलेली जबाबदारी

प्रतिनिधी

औषधाच्या दुकानाला आपल्याकडे 'मेडिकल' म्हणण्याची पद्धत आहे. मेडिकलमध्ये गेल्यावर आपली चिठ्ठी हाती घेणारा माणूस नेमका कोण आहे, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात सहसा येत नाही. तो दुकानाचा मालक असू शकतो, पदविका किंवा पदवी घेतलेला फार्मासिस्ट असू शकतो किंवा पाच-सहा वर्षे रॅकमध्ये वावरून गोळ्यांची नावे पाठ झालेला एखादा मुलगाही असू शकतो. तिघेही सारख्याच सफाईने पट्टी काढून देतात, तिघेही 'सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर' असे सांगतात. ग्राहकाला फरक दिसत नाही. कायद्याला मात्र तो दिसतो, आणि चूक झाली की तो फरक फार महत्त्वाचा ठरतो.

इंग्लंड-अमेरिकेत फार्मासिस्टच्या हाताखाली काम करणाऱ्या या माणसाला 'फार्मसी टेक्निशियन' असे स्वतंत्र नाव व स्थान आहे. ब्रिटनमध्ये १ जुलै २०११ पासून टेक्निशियनची नोंदणी सक्तीची झाली. आपल्या कायद्यात असा मधला वर्ग नाही. येथे एक तर 'नोंदणीकृत फार्मासिस्ट' असतो, नाही तर 'त्याच्या हाताखालचा नोकर'. काउंटरवरचा अनुभवी सहाय्यक कितीही जाणकार असला तरी कायद्याच्या लेखी तो दुसऱ्याच गटात मोडतो. त्यामुळे त्याच्या कामाची मर्यादा काय आणि त्याच्या चुकीचा भार कोणावर, हे दोन्ही प्रश्न निरनिराळ्या कायद्यांच्या तरतुदी जोडून समजून घ्यावे लागतात.

नोंदणीकृत म्हणजे कोण?

या विषयाचा पाया १९४८ चा फार्मसी कायदा हा आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर दोन वर्षांची पदविका (डी. फार्म.) आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, किंवा चार वर्षांची पदवी (बी. फार्म.), हा सर्वसाधारण मार्ग. मात्र केवळ प्रमाणपत्र हाती आल्याने कोणी फार्मासिस्ट होत नाही. राज्याच्या फार्मसी परिषदेच्या नोंदवहीत नाव चढावे लागते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषद करते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी उजळणी अभ्यासक्रमाची अटही घातली आहे. औषधांचे शास्त्र इतक्या वेगाने बदलते, की तीस वर्षांपूर्वीच्या पदविकेवर आयुष्यभर निभावणे रुग्णाच्या हिताचे नाही, हा त्यामागील विचार.

या कायद्याचे कलम ४२ स्पष्ट आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करणे, मिसळणे किंवा देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज अन्य कोणीही करू नये. आपल्याच रुग्णाला स्वतःजवळचे औषध देणाऱ्या डॉक्टरला यातून सूट आहे. या कलमाच्या भंगासाठी पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. १९४८ साली हजार रुपयांना वजन होते, अलीकडे ती रक्कम दुकानाच्या एका दिवसाच्या चहापाण्याच्या पलीकडे जात नव्हती. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने कैदेची मुदत तीन महिन्यांवर आणली, पण दंडाची मर्यादा दोन लाख रुपयांपर्यंत वाढविली.

दुसरा कायदा १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम. दुकानाचा परवाना या नियमांनुसार मिळतो. किरकोळ विक्रीसाठी नमुना २० व २१ चे परवाने लागतात. दुकानात दर्शनी भागी काचेच्या चौकटीत लावलेले दिसतात ते हेच. परवान्याच्या अटी नियम ६५ मध्ये आहेत. त्यातील दुसऱ्याच पोटनियमात म्हटले आहे, की चिठ्ठीवरील औषधाचा पुरवठा नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या 'प्रत्यक्ष देखरेखीखाली'च झाला पाहिजे.

येथे सहाय्यकाच्या कामाला जागा मिळते. रॅकमधून औषध काढणे, बिल करणे, माल मोजून लावणे, मुदत संपत आलेल्या पट्ट्या वेगळ्या काढणे, ही कामे त्याने करण्यास हरकत नाही. चिठ्ठी वाचून औषध बरोबर आहे की नाही हे ठरविणे, मात्रा तपासणे आणि रुग्णाला समजावून सांगणे ही कामे फार्मासिस्टची. 'प्रत्यक्ष देखरेख' याचा अर्थ फार्मासिस्ट त्या वेळी दुकानात हजर असणे आणि औषध ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी त्याच्या नजरेखालून जाणे. तो वरच्या मजल्यावर झोपलेला आहे, फोनवर उपलब्ध आहे, 'आत्ताच जेवायला गेला', ही उत्तरे देखरेखीत बसत नाहीत.

ग्राहकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. दुकानाच्या पाटीवर काय लिहावे, हेही नियमाने ठरविले आहे. 'फार्मसी' हा शब्द फार्मासिस्ट नेमून औषध तयार करण्याची सोय ठेवणाऱ्यानेच वापरावा. तशी सोय नसेल पण फार्मासिस्ट असेल, तर 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स'. फार्मासिस्टची गरज नसलेला मर्यादित परवाना असेल, तर 'ड्रगस्टोअर'. आपल्या शहरांतील पाट्या या कसोटीवर तपासल्या तर किती उतरतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

चिठ्ठी कशी असावी

डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे नुसते औषधांच्या नावांचे कागद नव्हे. ती लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही व तारीख असावी, रुग्णाचे नाव-पत्ता असावा, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा लिहिलेली असावी, अशी नियमाची अपेक्षा आहे. अक्षर सुवाच्य असावे, औषधाचे जेनेरिक नाव शक्यतो मोठ्या रोमन लिपीतील अक्षरांत लिहावे, असा बदल तत्कालीन मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये आपल्या आचारसंहितेत केला. तरीही 'डॉक्टरचे अक्षर मेडिकलवाल्यालाच कळते' हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. वास्तविक त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. अंदाजाने वाचलेली चिठ्ठी हा धोका आहे. हायड्रॉक्सिझिन हे खाजेवर दिले जाते आणि हायड्रॅलझिन रक्तदाबावर. दोन नावांत तीन-चार अक्षरांचा फरक आहे. मात्रेतील दशांश चिन्ह पुसट झाले तर औषध दहापट जाते. शंका आली तर डॉक्टरांना फोन करून विचारणे, आणि फोन लागत नसेल तर औषध न देणे, हे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. ग्राहक चिडतो, शेजारच्या दुकानात जातो आणि तेथे त्याला ते औषध मिळतेही. या व्यवसायातील नीतीची परीक्षा बहुतेक वेळा अशीच, गिऱ्हाईक गमावण्याच्या क्षणी होते.

आणखी एक नियम बहुसंख्य ग्राहकांना आणि खरे तर अनेक दुकानदारांनाही आठवत नाही. एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे असते. ती पुन्हा वापरता येईल असे डॉक्टरांनी लिहिले असेल, तरच दुसऱ्यांदा, आणि तेही लिहिलेल्या वेळाच. औषध दिल्यावर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वर नोंदवायची असते. मधुमेह, रक्तदाबाचे रुग्ण वर्षानुवर्षे एकाच जुन्या, घडीवर फाटलेल्या कागदावर औषध आणतात. नियम कडकपणे लावला तर दर महिन्याला त्यांना डॉक्टरांची फी भरावी लागेल. सोडून दिला तर तीन वर्षांपूर्वीच्या मात्रेवर माणूस चालत राहतो आणि मूत्रपिंडावर काय परिणाम झाला, हे कोणी पाहत नाही. यावर तोडगा नियमातच आहे. 'तीन महिने पुन्हा द्यावे' एवढे डॉक्टरांनी लिहिले की दोघांचीही सोय होते. हे चार शब्द लिहिण्याचा आग्रह रुग्णाने धरावा.

एच, एच-१ आणि एक्स

पट्टीवर तांबडी उभी रेघ आणि 'आरएक्स' ही खूण दिसली की ते औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ही 'शेड्यूल एच' मधील औषधे. प्रतिजैविके, रक्तदाबाची, हृदयविकाराची, संप्रेरकांची असंख्य औषधे या यादीत आहेत.

मात्र हा नियम इतक्या सर्रास मोडला जाऊ लागला, की ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्र सरकारने 'एच-१' ही वेगळी यादी अधिसूचित केली. १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली. तेव्हा तीत ४६ औषधे होती. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मेरोपेनेम यांसारखी वरच्या फळीची प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, तसेच अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल ही सवय लावणारी औषधे तीत आहेत. या औषधांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व किती दिले, हे तीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची. क्षयाच्या औषधांबाबत तर मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यावर आणखी एक काम सोपविले. अशा रुग्णाची माहिती त्याने सरकारी यंत्रणेला कळविली पाहिजे. न कळविल्यास संसर्ग पसरविण्याबाबतच्या फौजदारी कलमांखाली कारवाई होऊ शकते.

तिसरी यादी 'शेड्यूल एक्स'. तीत केटामाईन, मेथिलफेनिडेट यांसारखी औषधे येतात. त्यासाठी परवाना वेगळा, कपाट कुलुपाचे, चिठ्ठी दोन प्रतींत आणि त्यातील एक प्रत दोन वर्षे दुकानात. यांपैकी काही औषधांना, तसेच अल्प्राझोलाम आणि २०१८ पासून ट्रॅमाडॉललाही, १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा लागू होतो. त्या कायद्याखालील शिक्षा औषध कायद्यातील शिक्षेहून पुष्कळ कठोर आहेत. 'दोनच गोळ्या दिल्या' हा बचाव तेथे चालत नाही, हे काउंटरवरच्या मुलाला कोणी तरी वेळेवर सांगायला हवे.

दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्यास मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मान्यता दिली, परंतु शेड्यूल एक्स व अमली पदार्थ कायद्यातील औषधे अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. तेव्हा मोबाइलवर आलेल्या चिठ्ठीच्या छायाचित्रावर ही औषधे मागणाऱ्याला नकार देणे हेच योग्य.

चूक नोकराची, शिक्षा कोणाला?

समजा, फार्मासिस्ट बाहेर गेलेला असताना सहाय्यकाने चुकीचे औषध दिले. जबाबदार कोण? सहाय्यकाने स्वतः कलम ४२ मोडलेले असते, त्यामुळे तो सुटत नाही. पण प्रकरण तेथे थांबत नाही.

फार्मसी कायद्याच्या कलम ३६ नुसार, फार्मासिस्ट एखाद्या गुन्ह्यात दोषी ठरला किंवा व्यवसायाला काळिमा फासणारे वर्तन त्याच्याकडून घडले, तर त्याचे नाव नोंदवहीतून काढता येते. हे बहुतेकांना माहीत असते. त्याच कलमात पुढे असे आहे, की त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाकडून असा प्रकार घडला तरीही फार्मासिस्टचे नाव काढले जाऊ शकते. अर्थात त्यासाठी काही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. त्याने चिथावणी दिली किंवा डोळेझाक केली असेल, मागील बारा महिन्यांत त्याने स्वतः तसाच गुन्हा केला असेल, नोकराकडून पूर्वी तसे घडल्याचे त्याला ठाऊक असेल, किंवा प्रकार दीर्घकाळ चालू असून तो त्याला माहीत असायला हवा होता, अशी परिस्थिती असेल तर 'मला कल्पना नव्हती' हे म्हणणे टिकत नाही. त्याला म्हणणे मांडण्याची संधी मात्र दिली जाते.

दुकानमालकाच्या बाबतीत हेच सूत्र नियम ६६ मध्ये आहे. अटी मोडल्यास परवाना निलंबित किंवा रद्द होतो. कसूर नोकराची असेल, तर आपली त्याला फूस नव्हती आणि आपण ते जाणूनबुजून चालू दिले नाही, हे मालकाने पटवून द्यायचे असते. म्हणजे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर. तपासणीच्या वेळी निरीक्षकासमोर 'पोरगं नवीन आहे साहेब' असे म्हणण्याने ते ओझे हलके होत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील ओहायो राज्यात घडलेली घटना व्यवसायात आजही सांगितली जाते. २००६ साली क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेत असलेल्या दोन वर्षांच्या मुलीसाठी टेक्निशियनने सलाईनमध्ये औषध तयार केले. ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाऐवजी २३.४ टक्क्यांचे तीव्र द्रावण वापरले गेले. तपासणाऱ्या फार्मासिस्टच्या नजरेतून ती चूक निसटली आणि मुलगी दगावली. फार्मासिस्टचा परवाना गेला, २००९ मध्ये त्याला सहा महिन्यांची कैदही झाली. टेक्निशियनवर मात्र खटला झाला नाही, कारण त्या वेळी राज्याच्या कायद्यात टेक्निशियनची पात्रता अशी काही ठरलेलीच नव्हती. २००९ मध्येच त्या मुलीच्या नावाने नवा कायदा करून ओहायोने ही उणीव भरून काढली. आपल्याकडील परिस्थिती त्या जुन्या ओहायोसारखी आहे, असे म्हणावे लागते. हजारो दुकानांत सहाय्यक काम करतात, त्यांच्याशिवाय दुकान चालत नाही, पण त्यांनी किमान काय शिकलेले असावे, हे कायदा सांगत नाही.

कागदावरचा फार्मासिस्ट

याहून गंभीर दुखणे म्हणजे प्रमाणपत्र भाड्याने देणे. परवान्यावर नाव एकाचे, दुकानात बसतो दुसराच. ज्याचे नाव आहे तो कोठे तरी औषध कंपनीत नोकरी करतो आणि महिन्याकाठी ठरलेली रक्कम घेतो. नोंदवहीवर सह्या मात्र नियमित असतात, कधी कधी महिन्याच्या शेवटी एकदम केलेल्या. अशा माणसाला वाटते, की आपण फक्त नाव दिले आहे. वास्तविक त्याने आपली संपूर्ण कायदेशीर जबाबदारी अनोळखी माणसाच्या हाती दिलेली असते. दुकानातून गेलेल्या प्रत्येक चुकीच्या गोळीवर त्याची सही असते.

राज्यात २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना याच प्रश्नावर मोठ्या प्रमाणात तपासण्या झाल्या. फार्मासिस्ट हजर नसलेल्या, चिठ्ठी व बिलाशिवाय औषधे विकणाऱ्या दुकानांवर कारवाई झाली आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी 'बंद'ची हत्यारे उपसली. दुकानदारांच्या बाजूनेही एक मुद्दा होता. सकाळी आठ ते रात्री अकरा दुकान उघडे ठेवायचे तर एक फार्मासिस्ट पुरत नाही, दोघांचा पगार लहान गावातील दुकानाला झेपत नाही. हा मुद्दा खोटा नाही. पण त्यावर उत्तर फार्मासिस्टच्या वेळेपुरते चिठ्ठीचे औषध देणे हे आहे, फार्मासिस्टशिवाय देणे हे नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही बिहारमधील एका जनहित याचिकेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये, नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषधे दिली जाणे हा नागरिकांच्या आरोग्याशी खेळ असल्याची भूमिका घेऊन, राज्य सरकार व फार्मसी परिषदेवर जबाबदारी टाकली.

बिल आणि बॅच क्रमांक

'बिल हवे का?' असे विचारले की बरेच ग्राहक नको म्हणतात. बिलावर औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक व मुदत यांची नोंद कशासाठी असते, हे समजण्यास दोन घटना पुरेशा आहेत.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी करून खरेदीपासून तपासणीपर्यंतची हलगर्जी उघडी केली. ही घटना जुनी झाली म्हणावे, तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके दगावली. अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. तामिळनाडूत तयार झालेल्या या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तेच रसायन ४८.६ टक्के आढळले. महाराष्ट्रातही त्या बॅचचा वापर थांबविण्याचे आदेश निघाले.

अशा वेळी दुकानदाराचे काम तासांत मोजले जाते. ती बॅच आपल्याकडे आली का, किती विकली, कोणाला विकली, उरलेली बाजूला काढली का? ज्याच्याकडे बिले आहेत तो संध्याकाळपर्यंत पालकांना फोन करू शकतो. ज्याने बिले केली नाहीत, त्याला फक्त वाट पाहता येते. औषध कोणाकडून घेतले हे निरीक्षकाला सांगणे कायद्याने बंधनकारक आहे आणि न सांगितल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान वीस हजार रुपये दंड होऊ शकतो. उलट, परवानाधारक वितरकाकडून रीतसर बिलाने घेतलेले, नीट साठविलेले औषध पुढे निकृष्ट निघाले, तर त्यातील दोष आपल्याला कळणे शक्य नव्हते असे दाखविणाऱ्या विक्रेत्याला कायदा संरक्षण देतो. म्हणजे बिल हे ग्राहकाइतकेच दुकानदाराचेही कवच आहे. चार टक्के स्वस्त मिळते म्हणून बिलाशिवाय माल उचलणारा दुकानदार हे कवच स्वतःच उतरवून ठेवतो.

साठवणुकीबद्दल एवढेच, की इन्सुलिन व लसी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राहायला हव्यात आणि गोठता कामा नयेत. रात्री दुकान बंद करताना विजेचा मुख्य खटका खाली करणाऱ्या दुकानात फ्रिजचे काय होते, हा प्रश्न सहाय्यकानेही विचारावा. मुदत संपलेली औषधे विक्रीच्या मालातून वेगळी ठेवावी लागतात. डॉक्टरांना दिलेले नमुने आणि सरकारी पुरवठ्याची औषधे विकणे तर दूरच, दुकानात ठेवणेही नियमाबाहेर आहे.

बदली औषध आणि भाव

'हे नाही, पण सेम कंटेंटचे दुसरे आहे' हे वाक्य रोज ऐकू येते. सहाय्यक ते मदतीच्या भावनेने म्हणतो, कधी त्यामागे जादा नफ्याच्या कंपनीचा आग्रहही असतो. नियम ६५ (११-अ) नुसार शेड्यूल एच व एक्समधील औषधाच्या चिठ्ठीवर, घटक तोच असला तरी, दुसरे उत्पादन बदली म्हणून देता येत नाही. डॉक्टरांना विचारून चिठ्ठी बदलून घेणे हाच मार्ग. स्वस्त जेनेरिक औषधांचा प्रचार सरकारच करते, जनऔषधी केंद्रे उघडते, आणि त्याच वेळी फार्मासिस्टला ब्रँड बदलण्याची मुभा नाही, ही विसंगती आहे. ती दूर व्हायला हवी. पण ती दूर होईपर्यंत नियम नियमच आहे, आणि महागड्या ब्रँडच्या जागी त्याहून महाग ब्रँड देण्यासाठी 'सेम कंटेंट'चा आधार घेणे तर कोणत्याही युक्तिवादात बसत नाही.

भावाच्या बाबतीत २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश आहे. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक घेता येत नाही. पट्टीतील चार गोळ्या सुट्या दिल्या तर त्या चारांचीच प्रमाणशीर किंमत घ्यावी लागते. दुकानात असलेले औषध सबळ कारणाशिवाय नाकारताही येत नाही. चिठ्ठी नसणे हे मात्र सबळ कारण आहे.

सांगणे आणि न सांगणे

२०१५ च्या विनियमांनी फार्मासिस्टच्या कामात समुपदेशनाचा स्पष्ट समावेश केला. त्याने पांढरा कोट घालावा, त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाची पट्टी लावावी आणि औषध देताना ते कशासाठी, कसे, किती दिवस घ्यावे, कोणता त्रास झाल्यास थांबवावे, एखादी मात्रा चुकल्यास काय करावे, हे रुग्णाला सांगावे. हे काम सहाय्यकावर सोपविता येत नाही.

मेथोट्रेक्सेट हे याचे ठळक उदाहरण. आमवातावर हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. रोज घेतले तर रक्तपेशी तयार करणारा अस्थिमज्जा दबतो आणि जिवावर बेतू शकते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिलेले असते, पण घरी वाचणारे कोणी नसते किंवा वाचणाऱ्याला इंग्रजी येत नसते. काउंटरवर सवयीने 'रोज एक' असे सांगितले गेले, की पुढचे सारे त्या चार अक्षरांवर अवलंबून. अशा औषधाच्या पट्टीवर वाराचे नाव मराठीत लिहून देणे याला पाच सेकंद लागतात.

लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या औषधांचेही तसेच. दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती साधारणपणे सुचविली जात नाहीत, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळविले आहे. 'बाळाला खोकला आहे, काहीतरी द्या' असे म्हणणाऱ्या आईला बाटली न देता दवाखान्याचा रस्ता दाखविणे हे तिला परतवून लावणे नव्हे.

काही गोष्टी न सांगण्याचीही जबाबदारी असते. छोट्या गावात मेडिकलवाल्याला कोणाला कोणता आजार आहे, कोणाच्या घरात मनोविकाराची, क्षयाची किंवा एचआयव्हीची गोळी जाते, कोणती मुलगी गर्भचाचणीची पट्टी घेऊन गेली, हे सारे ठाऊक असते. गिऱ्हाइकांच्या गर्दीत औषधाचे नाव मोठ्याने उच्चारणे, शेजाऱ्याला 'त्यांच्याकडे कोणी आजारी आहे का' याचे उत्तर देणे, चिठ्ठीचे छायाचित्र मित्रांच्या गटात टाकणे, हे गोपनीयतेचे भंग आहेत. गर्भपाताच्या गोळ्यांबाबत तर दोन्ही बाजूंनी चूक होते. चिठ्ठीशिवाय त्या विकणे बेकायदा आहेच, पण रीतसर चिठ्ठी घेऊन आलेल्या स्त्रीला काउंटरवरून चार प्रश्न विचारणे, नवऱ्याला घेऊन ये म्हणणे, हाही अधिकार कोणी दिलेला नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत १९७१ चा कायदा तिचीच संमती मागतो.

मालकाने चुकीचे काम करण्यास सांगितले तर सहाय्यकाने काय करावे, हा प्रश्न सर्वांत अवघड. नोकरी टिकवायची असते, पगार बेताचा असतो. निदान एवढे त्याला करता येते, की चिठ्ठीचे औषध फार्मासिस्टला दाखविल्याशिवाय हातचे सोडू नये, नोंदवहीत फार्मासिस्टच्या जागी स्वतः सही करू नये आणि चूक लक्षात येताच लपवू नये. चुकीचे औषध गेल्याचे दहा मिनिटांत कळविले तर ग्राहकाला रस्त्यात गाठता येते. भीतीने गप्प बसलेला मुलगा आणि त्याला तशी भीती घालून ठेवणारा मालक, या दोघांत दुसऱ्याचा दोष मोठा आहे.

ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रात हेच काम औषध निर्माण अधिकारी करतो. तेथे नफ्याचा प्रश्न नसतो, पण साठा, मुदत आणि लांबच लांब रांग यांचा असतो. ते पद रिक्त राहिले तर गोळ्या वाटण्याचे काम परिचारिकेवर किंवा शिपायावर येते आणि कलम ४२ सरकारी भिंतीच्या आतच अडचणीत सापडते.

ग्राहकाला तपासून पाहता येण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. दर्शनी भागात परवाना आहे का, त्यावरील फार्मासिस्ट समोर आहे का, बिलावर बॅच क्रमांक आहे का. नाव नोंदणीकृत आहे की नाही, याची विचारणा राज्य फार्मसी परिषदेकडे करता येते. दुकानाविषयीची तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे करावी, फार्मासिस्टच्या वर्तनाविषयीची परिषदेकडे, आणि नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. तिन्ही ठिकाणी पहिल्यांदा मागितली जाते ती चिठ्ठी, औषधाची उरलेली पट्टी आणि बिल.